वारीतली चुकामूक : हरवलेल्या माणसांच्या शोधाचा इतिहास

आळंदी ते पंढरपूर या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर दर आषाढीला माणसे चुकतात. बहुतेक जण दिवेलागणीपर्यंत आपल्या दिंडीत परततात. काही जण दुसऱ्या-तिसऱ्या मुक्कामाला सापडतात. एखाद्याचा मात्र ठावठिकाणा पुढे कधीच लागत नाही. या तिघांसाठी समाजाने वेगवेगळ्या सोयी उभ्या केल्या. पहिल्यासाठी दिंडी, दुसऱ्यासाठी समाज आरतीतली पुकार, आणि तिसऱ्यासाठी आधी धर्मशास्त्र व नंतर कायदा आणि पोलीस ठाणे. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले वेळापूर हे ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव आहे, आणि या सगळ्या सोयींची गरज इथल्या तळावर दरवर्षी पडते.

मुक्कामाचे गाव

वेळापूर जुने आहे. इथले अर्धनारीनटेश्वराचे मंदिर यादवकालीन असून देवगिरीचा राजा रामचंद्रदेव याच्या कारकिर्दीतले शिलालेख गावात मिळाले आहेत. वारीच्या इतिहासात मात्र गावाचे महत्त्व त्याच्या जागेमुळे आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस असे मुक्काम करत ती वेळापूरला येते. पुढे भंडीशेगाव आणि वाखरी एवढेच मुक्काम उरतात. पंढरपूर इथून तीसेक किलोमीटरवर असते.

माणसे चुकण्याच्या दृष्टीने वाटचालीचा हा टप्पा अवघड आहे. माळशिरसहून निघाल्यावर खुडूस फाट्याला गोल रिंगण होते. रिंगण पाहायला पंचक्रोशी लोटते आणि दिंडीतली माणसे बघ्यांत मिसळतात. त्यानंतर वेळापूरच्या अलीकडे धावाबावीचा माळ लागतो. तुकाराम महाराजांना इथल्या उंचवट्यावरून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते पंढरीच्या ओढीने धावत सुटले, अशी परंपरा आहे. तिची आठवण म्हणून वारकरी उतारावरून धावतात. या धाव्यात तरुण पुढे जातात, म्हाताऱ्या माणसांची पावले मागे पडतात आणि तासभर जपलेली रांग काही क्षणांत मोडते. गावात शिरताना शेजारी चालणारा माणूस आपल्या दिंडीतलाच असेल याची खात्री उरत नाही. दुसऱ्या दिवशी ठाकूरबुवांच्या समाधीजवळ पुन्हा रिंगण होते. तोंडले-बोंडले इथे सोपानदेवांची पालखी येऊन मिळते, आणि वाखरीला तर सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात. वेळापूरला चुकलेला माणूस त्या रात्री सापडला नाही, तर पुढे त्याला कितीतरी मोठ्या गर्दीत शोधावे लागते.

हैबतबाबा आणि शिस्त

पालखी सोहळ्याला १६८५ साली तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी सुरुवात केली. ज्ञानेश्वर आणि तुकाराम या दोघांच्याही पादुका तेव्हा एकाच पालखीतून नेल्या जात. लोक त्याआधीही पिढ्यान्‌पिढ्या पायी पंढरपूरला जातच होते, पण ते गावागावांतून, ओळखीच्या चार माणसांबरोबर. वाट जंगलातून आणि ओढ्यांतून जाई, रस्ता आखलेला नसे आणि वाटमारीचे भय असे.

आज दिसते ती आखीव वारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडली. तिचे श्रेय सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतरावबाबा यांना दिले जाते. बाबांची परंपरेने सांगितली जाणारी हकिगत स्वतःच एका बेपत्ता माणसाची आहे. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. मिळवलेली संपत्ती घेऊन गावाकडे परतताना सातपुड्यात त्यांना भिल्लांनी पकडले आणि एका गुहेत कोंडून ठेवले. तिथे त्यांनी हरिपाठाचा आधार धरला. एकवीस दिवसांनी सुटका झाल्यावर ते घरी न जाता आळंदीला आले आणि माउलींच्या सेवेत राहिले. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी १८३२च्या सुमारास त्यांनी स्वतंत्रपणे नेण्यास आरंभ केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची व्यवस्था उचलली, वासकरांसारख्या फडकऱ्यांनी भजनाची साथ दिली. १८३६ साली हैबतबाबांचे देहावसान झाले. आळंदीच्या महाद्वारातल्या पायरीपाशी त्यांची समाधी आहे आणि पालखीचे प्रस्थान आजही तिला मान देऊन होते.

बाबांनी भजनाचा क्रम लावला आणि दिंड्यांच्या जागा ठरवल्या. त्यांच्या मनात भक्तीची शिस्त होती. पण या शिस्तीचे दुसरे फळ तेवढेच मोलाचे ठरले. हजारो अनोळखी माणसांच्या प्रवाहात प्रत्येकाला स्वतःची जागा मिळाली. ज्याची जागा ठरलेली असते, त्याची अनुपस्थिती लगेच ध्यानात येते, आणि शोध सुरू व्हायला आधी माणूस नाही हे कुणाच्या तरी ध्यानात यावे लागते.

दिंडी हाच पत्ता

दिंडीच्या पुढे पताकाधारी, मध्ये टाळकरी आणि मृदंगमणी, त्यांच्याबरोबर विणेकरी, आणि डोक्यावर तुळशी व हंडे घेतलेल्या स्त्रिया अशी रचना असते. विणेकरी हा दिंडीचा केंद्रबिंदू असून वीणा खाली ठेवायची नसते. म्हणून दिंडीतल्या माणसाला नजर कुठे ठेवायची ते पक्के माहीत असते. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात, बाकीच्या रथामागे. त्यांची संख्या गेल्या काही दशकांत दोनशेच्या पुढे गेली आहे. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो आणि चालण्याचा क्रम मोडता येत नाही.

चुकलेल्याला या क्रमाचा थेट उपयोग होतो. त्याने दिंडी शोधत धावायचे नसते. रस्त्याच्या कडेला थांबायचे आणि पुढून जाणाऱ्या दिंडीचा क्रमांक पाहायचा. आपला क्रमांक अजून यायचा असेल तर उभे राहायचे, येऊन गेला असेल तर पुढे चालू लागायचे. रथ ही मोठी खूण असते. एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही. नुसता आकडा पुरत नाही, तो ‘रथापुढे’चा की ‘रथामागे’चा हेही सांगावे लागते, कारण दोन्हीकडे क्रमांक एकपासूनच सुरू होतात. आकडा पाठ आणि बाजू विसरलेला माणूस भलत्याच राहुटीत जाऊन बसतो. म्हणून दिंडीत नव्याने येणाऱ्याला पहिल्या दिवशीच दिंडीचा क्रमांक, दिंडीप्रमुखाचे नाव आणि गाव पाठ करायला सांगतात.

सामानाचे ट्रक पुढच्या मुक्कामाला आधी जातात आणि राहुट्या उभारतात. त्यामुळे वाटेत चुकलेल्याला संध्याकाळी तळावर दुसरी संधी मिळते. रात्री पंगत बसली की पान रिकामे राहते आणि कोण आले नाही ते कळते. दिंडीत भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, भरलेल्यांची यादी असते, तिच्यावरून खातरजमा होते.

ही व्यवस्था कागदावर फारशी नव्हती, माणसांच्या स्मरणात होती. त्यामुळे काही अडचणीही येत. जुन्या पिढीतल्या बाया नवऱ्याचे नाव घेत नसत. चुकलेल्या बाईला ‘कुणाची?’ असे विचारले तर ती गावाचे, मुलाचे किंवा दिराचे नाव सांगे आणि मुख्य नाव गाळी. अशा वेळी शेजारची बाई तिच्या हातावरचे गोंदण पाही. दंडावर किंवा मनगटाजवळ गोंदवलेले नाव हे निरक्षर माणसाचे न हरवणारे ओळखपत्र होते. गावाचे नाव सांगतानाही घोटाळे होत, कारण वडगाव, पिंपळगाव, सांगवी अशा नावांची गावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. म्हणून तालुका विचारायची सवय पडली, आणि तो ठाऊक नसेल तर बाजाराचे गाव विचारायची.

समाज आरतीतली पुकार

पालखी तळावर पोहोचल्यावर रोज समाज आरती होते. वेळापूरला ती धाव्याच्या दमछाकीनंतर, सूर्य कलल्यावर होते. दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. चोपदार पुढे येऊन हातातला दंड उंच धरतो आणि एक दीर्घ हाक देतो. त्या हाकेसरशी टाळ थांबतात आणि अफाट जमाव निःशब्द होतो.

एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिने शांततेतही टाळ वाजवत राहायचे, असा दंडक आहे. चोपदार त्या दिंडीकडे जातो, म्हणणे ऐकून घेतो आणि सोडवता येईल ते जागच्या जागी सोडवतो. मग सापडलेल्या वस्तू सांगितल्या जातात. पैशांचे पाकीट, चष्मा, टाळांची जोडी, औषधांची पिशवी. हरवलेल्या वस्तूही सांगितल्या जातात. त्यातच माणसांची पुकार होते. कुठल्या गावची माउली, कितवी दिंडी, रथापुढची की रथामागची, अंगावर कोणत्या रंगाचे लुगडे, कुठून चुकली. शेवटी दुसऱ्या दिवशी पालखी किती वाजता निघणार ते सांगतात आणि आरती होते.

भक्तिसोहळ्याच्या मधोमध चालणारी ही पुकार महाराष्ट्रातल्या सार्वजनिक जीवनातली फार महत्त्वाची प्रथा आहे. वर्तमानपत्रातली ‘हरवले आहेत’ची जाहिरात वाचायला अक्षरओळख लागते आणि छापायला पैसे लागतात. समाज आरतीतल्या घोषणेला दोन्ही लागत नाहीत. शिवाय ती नेमकी त्याच माणसांच्या कानावर पडते, ज्यांच्यात हरवलेला माणूस असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. रोज ठरल्या वेळी होत असल्यामुळे आज न सापडलेल्याला उद्याच्या मुक्कामाला पुन्हा पुकारता येते. चोपदाराच्या हातात ध्वनिक्षेपक आल्यावर हाक लांबवर जाऊ लागली, पण पद्धत तीच राहिली.

न परतलेले

पुकार करूनही न सापडलेल्यांचा इतिहास दुःखाचा आहे. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रा पटकीच्या (कॉलऱ्याच्या) फैलावाची केंद्रे मानल्या जात. आषाढीचा पाऊस, चंद्रभागेचे गढूळ पाणी आणि दाटीवाटीचा मुक्काम यांत रोग वेगाने पसरे. धडधाकट माणूस एका दिवसात जाई. आजाराच्या धास्तीने यात्रा फुटे आणि लोक मिळेल त्या वाटेने परत फिरत. अशा पांगापांगीत सोबत सुटली की मागे कोण राहिले, कोण गेले, हे सांगणारा उरत नसे. दिंडीतला माणूस गेला तर सोबतीच अग्नी देत आणि घरी निरोप पोहोचवत. एकट्याने आलेल्याचा निरोप पोहोचवणारे कुणीच नसे.

रेल्वेने यात्रेचे रूप पालटले. १८६० साली आगगाडी सोलापूरपर्यंत आली आणि पुढे १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेचा फाटा कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोहोचला. दूरदूरची माणसे आता दिंडीविना, थेट गाडीने यात्रेला येऊ लागली. प्रवास सोपा झाला, पण गाडीतून उतरलेल्या माणसाला ना क्रमांक होता, ना विणेकरी, ना रात्रीची पंगत. पंढरपुरात त्याची चुकामूक झाली तर गावकऱ्यांचा मठ, धर्मशाळा किंवा उतरलेल्या घरचा बडवा (विठ्ठलाचा पुजारी) एवढ्याच जागा त्याला आठवत.

मेला असे कधी मानायचे

वर्षानुवर्षे न परतलेल्या माणसाचे घर अधांतरी राहते. सौभाग्यलेणे उतरवायचे की नाही, श्राद्ध करायचे की नाही, जमीन कुणाच्या नावे करायची, हे प्रश्न टळत नाहीत. धर्मशास्त्राने त्यासाठी मुदत सांगितली होती. सर्वसाधारणपणे बारा वर्षे काही खबर आली नाही, तर पळसाच्या पानांची किंवा दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा, म्हणजेच पालाशविधी करायचा. तो माणूस नंतर परत आलाच, तर त्याचे जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करून त्याला नव्याने घरात घ्यायचे, अशीही तरतूद ग्रंथांनी केली आहे. हरवलेला परत येऊ शकतो, ही आशा शास्त्रकारांनी विधीतही शिल्लक ठेवली होती.

प्रेत न सापडलेल्या मृत्यूने राज्यही हादरू शकते, हे मराठ्यांनी पानिपतानंतर अनुभवले. १४ जानेवारी १७६१च्या लढाईत पेशव्यांच्या घरातले सेनापती सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या अंताविषयी लोकांत शंका राहिली. पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. १७८३ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्या सधवेच्याच वेषात राहिल्या. ही शंकाच तोतयाला पुरली. भाऊ म्हणवून घेणारा सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण पकडला जाऊन रत्नागिरीला कैदेत होता. १७७६ साली तो सुटला आणि त्याच्यामागे मोठी फौज जमली. कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. महादजी शिंद्यांनी त्याचा मोड केल्यावर त्या वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला देहदंड देण्यात आला. पेशव्यांच्या घरात जे घडले, तेच लहान प्रमाणात कोणत्याही वाड्यात किंवा झोपडीत घडू शकते. निश्चित बातमी नसेल तर माणूस जिवंतही मानता येत नाही आणि मेलेलाही.

इंग्रजी अमलात ही मुदत बदलली. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ने ठरवले, की ज्यांच्या कानावर स्वाभाविकपणे खबर यायला हवी अशा माणसांना सात वर्षे काहीच कळले नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. बाराऐवजी सात वर्षे झाली. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही जोडीदाराची सात वर्षे खबर नसणे हे घटस्फोटाचे कारण धरले आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने हीच तरतूद कायम ठेवली. मात्र कायदा मृत्यू गृहीत धरतो, मृत्यूची तारीख नव्हे. आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हे स्पष्ट केले. सात वर्षे लोटली म्हणून माणूस बेपत्ता झाला त्याच दिवशी वारला, असे म्हणता येत नाही. त्यामुळे विम्याचे हप्ते मधल्या काळात थकले तर कुटुंबाची मोठी अडचण होते.

सोडून दिलेले

पंढरपूरच्या वाटेवर सगळेच चुकून हरवत नाहीत. काहींना घर जाणूनबुजून दूर करते. एकोणिसाव्या शतकात पुनर्विवाहाची बंदी असलेल्या विधवा गरोदर राहिल्या, तर त्यांना तीर्थयात्रेच्या निमित्ताने बाहेर काढले जाई. यात्रेच्या गर्दीत त्या बाळंत होत आणि मूल तिथेच टाकले जाई. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच अन्यायाला उत्तर म्हणून. १८७५ साली पंढरपुरात न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाने अनाथ बालकाश्रम सुरू केला. तो पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखला जाऊ लागला. टाकलेल्या बाळाला इथे जीवदान मिळे आणि आईची नाचक्की टळे.

या संस्थांनी बेपत्ता माणसाच्या प्रश्नाची दुसरी बाजू समोर आणली. चुकलेल्याला शोधणारे कुणी तरी असते, म्हणून पुकार उपयोगी पडते. सोडून दिलेल्याला कुणीच पुकारत नाही. अशांसाठी आसरा देणारी कायमची संस्थाच लागते, आणि ती उभी करायला समाजाला स्वतःच्या रूढींशी भांडावे लागते.

ठाणे, नोंद आणि आजची वारी

आज वेळापुरात पोलीस ठाणे आहे आणि पालखीच्या काळात तळावर, वाखरीला आणि पंढरपुरात मदत केंद्रे उघडतात. बेपत्ता प्रौढ माणसाची नोंद ‘मिसिंग’ म्हणून होते. वय, उंची, बांधा, रंग, चेहरेपट्टी, अंगावरचे कपडे, भाषा, तीळ-व्रण-गोंदण अशा खुणा लिहून घेतात. समाज आरतीत चोपदार ज्या खुणा सांगतो, जवळजवळ त्याच इथे कागदावर येतात. अनोळखी मृतदेह सापडला तर त्याची ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून वेगळी नोंद होते. या दोन नोंदी एकमेकींना भेटल्या तरच कुटुंबाला उत्तर मिळते. मिसिंगची तक्रार मराठवाड्यातल्या एखाद्या ठाण्यात असते आणि मृतदेह भीमेच्या काठी मिळालेला असतो. पूर्वी हा मेळ बिनतारी संदेश आणि छायाचित्रांच्या पत्रकांवर अवलंबून असे. आता ठाणी संगणकाने जोडली गेली आहेत, तरी मेळ बसायचा तर दोन्ही ठिकाणच्या अंमलदारांनी वर्णन काळजीपूर्वक लिहिलेले असावे लागते.

मुलांच्या बाबतीत कायदा अधिक कडक झाला. बेपत्ता मुलाची तक्रार आली की ती नुसती मिसिंगमध्ये न ठेवता अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असे गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर दिला. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी १९९६ साली मुंबईत सुरू होऊन देशभर पोहोचली. २०१५पासून ‘ऑपरेशन मुस्कान’ या नावाने हरवलेल्या मुलांच्या शोधाच्या मोहिमा होत आल्या आहेत.

वारीत मात्र मुलांपेक्षा वयस्कर माणसे जास्त. मोबाइलमुळे त्यांच्या चुकामुकीतल्या पुष्कळशा आता तासाभरात मिटतात. तरी विस्मरणाचा आजार असलेला माणूस मोबाइल कुठे ठेवला तेही विसरतो, आणि गर्दीच्या दिवशी फोन लागतही नाहीत. अशा वेळी खिशातली गाव, दिंडी क्रमांक आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठीच कामी येते. दिंडीविना मोकळे चालणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि धोका त्यांनाच अधिक आहे. त्यांच्या नावाचे पान कुठल्याच पंगतीत वाढलेले नसते. म्हणून वारीला निघणाऱ्या घरच्या वृद्धाला कुठल्या तरी नोंदणीकृत दिंडीत नाव घालून पाठवणे, हा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ कसाला उतरलेला उपाय आजही सर्वांत खात्रीचा आहे.